पाचवी खूण

ढवळसांगवी, लोह्याजवळ
२० फेब्रुवारी १९८३

व्यंकटराव,

जयभीम. तुझा रामराम पोचला असं धरून पुढं लिहितो. तू काही लिहिणार नाहीस आणि मला वाट बघायला सवड नाही.

लातूर जिल्हा झाला, तुझ्या लेकाला कलेक्टर कचेरीत खुर्ची मिळाली, तू केवळाबाईंना घेऊन तिकडं बिऱ्हाड थाटलंस, हे सगळं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. बालमित्राच्या बातम्या कंडक्टरकडून कळाव्यात असे दिवस आले. असो. अभिनंदन. नव्या जिल्ह्यात पाणी कसं आहे? इथं नाही म्हणून विचारतो. टँकर येतो, पण त्याच्या लहरीनं येतो.

मुद्द्याचं लिहितो. दुष्काळी कामात आपल्या गावाला पाझर तलाव मंजूर झाला. तुझ्या चिंचेच्या शेताला लागूनच भराव चालू आहे. ग्यानोबा मुकादम परवा माझ्या ओसरीवर येऊन बसला.

"गुरुजी, व्यंकटराव मालकाचा ढीग हाय ना चिंचेखाली, तो उचलावा म्हणतो. भरावाला माती कमी पडून राहिली."

"कोणता ढीग?" मी विचारलं. मला चांगलं ठाऊक होतं.

"त्यायनी स्लॅब टाकला तवा जुन्या माळवदाची माती नेऊन टाकली न्हाई का? त्योच. नुसती माती तर हाय."

व्यंकटराव, 'नुसती माती' म्हणाला तो! मी त्याला पाणी दिलं, अर्धाच तांब्या, आणि धडा घेतला. म्हटलं, ग्यानोबा, गावामागं पांढरीचं टेकाड होतं ते तुझ्या आज्यानं पाहिलं. ते टेकाड म्हणजे जुनं गाव, आपल्याआधीचं आणि त्याच्याही आधीचं, एकावर एक बसलेलं. त्याची माती चिकट, पाणी धरून ठेवणारी. म्हणून दरसाल उन्हाळ्यात ती खोदून आणायची आणि घराच्या छतावर, माळवदावर, पसरायची, ही आपल्याकडची रीत. म्हणजे लोकांनी त्या जुन्या गावाची भांडी, मणी, नाणी असं सगळंच खोऱ्यानं ओढून डोक्यावर घेतलं आणि त्याच्याखाली झोपले. टेकाड संपलं. माळवदं एकेक करून पडली, माती उकिरड्यावर गेली. एका घराचं माळवद गावात सर्वांत जुनं, टेकाडाच्या सर्वांत खोल मातीचं. ते म्हणजे व्यंकटरावाचा हा ढीग.

"म्हंजे यात धन हाय?" ग्यानोबाचे डोळे मोठे झाले.

"धन नाही रे. पैसा आहे. माणसानं पहिल्यांदा केलेला."

"मग चाळा की! कोन अडवतंय? मालक बसलंय लातूरला."

हीच गोष्ट मला करायची नाही. माझा बाप तुमच्या शेतातली चिमूटभर माती विचारल्याशिवाय उचलत नसे, ते भीतीपोटी. मीही उचलत नाही, पण मानापोटी. दोन्हींत किती अंतर आहे ते तुला सांगायला नको. ते तोडायला माझा जन्म गेला.

तेव्हा तुझी एक ओळ हवी. 'साहेबरावानं ढीग चाळावा', एवढीच. आणि चाळणी धाड. ती आपल्या दोघांची आहे, तुझ्या सामानातून लातूरला गेली.

अक्षर जरा मोठं आलं आहे. कागद स्वस्त झाला असं समज.

साहेबराव


६ मार्च १९८३

व्यंकटराव,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टमन आला की मी ओसरीवर असतो, पण ते ऊन खाण्यासाठी. गैरसमज नको.

आज सकाळी तपकिरीची डबी उघडली. आपली पहिली कवडी अजून आहे तिच्यात. पार्वतीबाई आराधीण जोगवा मागायला आली होती, तिची माळ तुमच्या अंगणात तुटली, कवड्या विखुरल्या. सगळ्या वेचून दिल्यावर तिनं एक तुला दिली. म्हणाली, "ठेव लेकरा, एके काळी हिला बाजारात भाव होता." तू ती घेऊन धावत माझ्याकडं आलास. शाळेत तू बाकावर आणि मी दाराशी बसत होतो, पण कवडी बघायला दोघंही चिंचेखाली. पाठ घासून भोक पाडलेली, दोऱ्यात ओवण्यासाठी. समुद्र कुठं, ढवळसांगवी कुठं! कवडी चालत चालत इथवर आली, कुणाच्या कमरेला, कुणाच्या पदराला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपलं गाव जगाच्या रस्त्यावर आहे.

मग पावसात तुमच्या माळवदाच्या पन्हाळीखाली तू आणि मी. वरून धार पडायची, मातीतलं जड ते खाली बसायचं. तुला शिशाचा पहिला हत्ती तिथंच सापडला, सोंड वर केलेला. सातवाहनांच्या नाण्यावरचा. तो ओळखायला आपल्याला पुढं वीस वर्षं लागली, आणि ओळखल्यावर तू भर बाजारात मला उचलून घेतलंस. निजामाचा हाली सिक्का खिशात वाजवत मिरवणारी माणसं तेव्हा आपल्याला हसत होती. आपल्या खिशात त्यांच्या हुजूरच्या कैक पिढ्यांआधीचे राजे होते!

मोठ्या शहरांतल्या पुस्तकांत जुन्या पैशाचे नकाशे असतात. त्यांत आपल्या भागावर काही नसतं, कोरी जागा. मी मुलांना सांगायचो, ती जागा कोरी नाही, तिथं अजून कुणी बघितलेलं नाही. एवढं सांगताना माझी छाती फुगायची. अजून फुगते.

फक्त एक मिळालं नाही. आहत नाणं. चांदीचा तुकडा, कातरलेला, ना धड गोल ना चौकोनी. राजाचं नाव नाही, मुखडा नाही. नुसत्या पाच खुणा, पाच वेगवेगळ्या ठशांनी ठोकलेल्या. आपल्या देशातला पहिला पैसा. ते तुझ्याच माळवदात निघणार, असं तूच म्हणायचास. माझी पैज होती शाळेच्या माळवदावर.

आता स्लॅबबद्दल. मी बोलणार नाही असं ठरवलं होतं. तुझ्या वास्तूच्या जेवणाला मी आलो नाही. लोकांनी भलताच अर्थ काढला, तूही काढलास. अरे, तुमच्या पंगतीला बसायला मला आता कुणाची भीती? मला राग मातीचा होता. मला न विचारता, एक घमेलंही न चाळता, दोन हजार वर्षं तू गाडीत भरून चिंचेखाली ओतलीस आणि वर सिमेंट थापलंस. उन्हाळ्यात त्या स्लॅबखाली भट्टी होते म्हणे. केवळाबाई दिवसभर ओसरीवर असायच्या, आमची चांगुणा सांगते.

झालं. बोललो.

कवडी पाहताना एक श्लोक सुचला. भुजंगप्रयात आहे, तुला ते वृत्त कधीच जमलं नाही, तू तिसऱ्या गणाला घसरायचास:

घरी पांढरीची धुळी ही पडावी
तिच्या आत चांदी कुणी ओळखावी

चांगुणा म्हणते, "श्लोक बरा हाय, पर चहा बशीत वता, धोतरावर न्हाई." कप जरा वाकडा होता.

ओळ धाड.

साहेबराव


२७ मार्च १९८३

व्यंकटराव,

काल ट्रॅक्टर आला.

मी आधीच जाऊन ढिगावर बसलो होतो. छत्री, तांब्या आणि कवितेची वही, अशी तयारी होती. कामावरच्या बाया टोपल्या टाकून बघायला उभ्या राहिल्या. त्यांत पंचफुला होती. आपल्या शाळेत चौथीपर्यंत होती ती. कविता म्हणायला उभी केली की डोळे मिटून म्हणायची.

ग्यानोबा म्हणाला, "गुरुजी, उठा. न्हाईतर तुमालाबी भरावात टाकीन."

"टाक. पण मोजमाप पुस्तकात लिही, एक मास्तर."

बाया हसल्या. पंचफुला पुढं झाली. "मुकादम, गुरुजी काय काम बंद करा म्हणून राहिले का? चाळून मग न्या म्हणतेत. तुमचा भराव काय पळून चाललाय?"

"मग चाळा ना एकदाचं! पंधरा दिस झाले, बसूनच हायत ढिगापाशी. घरची पिठाची चाळण आना, झालं."

पिठाच्या चाळणीनं मौर्यांचा काळ चाळायला सांगतो हा! आणि परवानगीचं काय? मी म्हटलं, मालकाची ओळ आल्याशिवाय मी घमेलं लावणार नाही. यावर ग्यानोबानं कपाळाला हात लावला. "लिवून राहिले, लिवून राहिले, तिकडून काय येईना. गुरुजी, तुमचा दोस्त जित्ता तर हाय ना?"

याचं उत्तर तू दे.

शेवटी तोडगा निघाला. जयंतीपर्यंत ढीग तसाच राहणार. चौदा एप्रिलनंतर ट्रॅक्टर लागणार, मग मी बसलेला असो की निजलेला. ग्यानोबाचंही बरोबर आहे. तलाव व्हायलाच हवा. गावाला पाणी हवं, मला पैसा हवा, दोन्ही एकाच मातीत आहे, एवढंच.

पंचफुला जाताना म्हणाली, "गुरुजी, तुमी त्या बाभळीलाच रामराम घातला मघाशी. मी हिकडं उभी होते." पोरीच्या जातीला चेष्टा करायची सवयच. ऊन फार होतं.

चांगुणा नांदेडच्या दवाखान्याचं टुमणं लावून बसली आहे. म्हटलं, ढीग चाळल्याशिवाय मी गाव सोडत नाही. विषय संपला.

आता शेवटचं विचारतो. विचारतो आहे, विनवणी करत नाही.

साहेबराव

*भावजी, चांगुणाचा जयभीम. पत्र टाकायला मीच जाते, म्हणून खाली लिवते. लिवायला ह्यायनीच शिकवलं, पण मी काय लिवते ते आता ह्यायला दिसत न्हाई. एका डोळ्यानं नुसता उजेड दिसतो, दुसऱ्यानं थोडं. डाक्टर म्हणला पडदा आलाय, काढला तर दिसंल. हे ढिगासाठी थांबून बसलेत. कुणाला कळू देत न्हाईत. तुमी भांडा, खुशाल भांडा, पर ओळ लिवा. ओळ न्हाई तर चाळणी तरी धाडा. मी लिवलं ते सांगू नका. केवळाबाईला सांगा, तिची लई याद येते.*


१० एप्रिल १९८३

व्यंकटराव,

चाळणी पोचली.

नांदेड गाडीच्या कंडक्टरनं लोह्याच्या स्टँडवर पोत्यात गुंडाळलेली ठेवली, तिथून दूधवाल्यानं आणली. पोतं झटकलं, उलटं केलं, चिठ्ठी नाही. एक अक्षर नाही. मी म्हटलं, वा! मालक आहे. बोलायचं नाही, पण द्यायचं. हा तुझा जुना स्वभाव. शाळेतही पेन्सिल अशीच सरकवायचास, मास्तरांकडं बघत.

मी हात फिरवला तर कडेची जाळी फाटली होती ती नव्यानं कथलाचा डाक देऊन बुजवली आहे. डाक ताजा आहे, बोटाला खरखरतो. लातूरच्या कुठल्या कासाराकडं गेलास? उभा राहून करून घेतलास असणार. त्याशिवाय इतकं काटेकोर होत नाही.

चांगुणा चुलीपाशी तोंड फिरवून बसली होती. विचारलं, का गं रडतेस? म्हणाली, "धूर हाय." चूल पेटलेली नव्हती, निदान मला तसं वाटलं.

चाळणीलाच मी ओळ समजतो. उद्यापासून सुरुवात.

साहेबराव


१६ एप्रिल १९८३

व्यंकटा,

बैस आधी. केवळाबाईंना पाणी आणायला सांग. मग वाच.

कामावरच्या बायांची दुपारची सुट्टी असते, भाकरी खाऊन जरा आडवं होण्याची. पहिल्या दिवशी पंचफुला एकटी आली. दुसऱ्या दिवशी चिंचेखाली जागा उरली नाही. एक घमेलं टाकायची, एक चाळणी हलवायची, दोघी वरचं निवडायच्या. हात चुकू नये म्हणून मी श्लोक म्हणायला लागलो. भुजंगप्रयाताच्या तालावर चाळणी कशी हलते ते तू ऐकायला हवं होतंस! दुसऱ्या दुपारी सगळ्या बाया म्हणत होत्या, 'घरी पांढरीची धुळी ही पडावी'. एकही तिसऱ्या गणाला घसरली नाही. ऐकतोस ना?

चाळलेली माती लगेच ट्रॅक्टरमध्ये. ग्यानोबा आधी कंबरेवर हात ठेवून उभा होता; मग स्वतःच ढेकळं फोडू लागला. "काय निघालं का? काय निघालं का?" दर घमेल्याला.

मणी निघाले. शंखाच्या बांगडीचा तुकडा. एक कवडी, अगदी आपल्या पहिलीसारखी, पाठ घासलेली. शिशाचे दोन हत्ती. ढीग संपत आला. मी मनाशी म्हटलं, असू दे. एवढंही कुठल्या गावाच्या नशिबात असतं? आणि तळाचं घमेलं.

"गुरुजी," पंचफुला म्हणाली, "हे बटन हाय का वो? काळं पडलंय. भोक तर न्हाई."

तिनं माझ्या तळव्यावर ठेवलं. व्यंकटा, मला बघावं लागलं नाही. वजनानंच सांगितलं. कडा कातरीची, एक कोपरा छाटलेला, पाठ सपाट. अंगठ्याखाली ठसे एकावर एक चढलेले, गर्दीत माणसं खांद्यावर खांदा टाकून उभी असतात तसे. चांगुणानं टँकरच्या पाण्यातलं पाणी आणलं, पिण्यातलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत माझ्या हातावर ओतलं. म्हणाली, "तहान काय, उद्या भागंल."

आहत नाणं आहे. आपलं. ढवळसांगवीचं. ज्या काळी छापायला राजाला स्वतःचं नाव सुचलं नव्हतं, त्या काळी आपल्या टेकाडावर कुणीतरी हा तुकडा मोजून दिला आणि कुणीतरी दातानं चावून घेतला. कोरी जागा म्हणे! आता सांगावं त्यांनी.

सूर्य आहे, किरणं नीट हाताला लागतात. सहा आऱ्यांचं चक्र आहे. तीन कमानींची टेकडी, तीवर चंद्रकोर. आणि चौथी खूण, व्यंकटा, कठड्यातलं झाड. ते हाताला लागलं तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं, "बोधिवृक्ष!" पुस्तकवाले म्हणतील, तेव्हा असं झाड सगळेच पूजत होते. म्हणू देत. जयंतीच्या सभेत मी ते तळहातावर घेऊन उभा राहिलो. भाषण करणार होतो. एवढंच म्हणालो की माझ्या बापाला ज्या मातीला हात लावायची छाती नव्हती, त्या मातीनं हे माझ्या हातावर ठेवलं. पुढं पंचफुलानं श्लोक म्हटला म्हणून वेळ निभावली.

ग्यानोबा आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आमच्या भरावातून निघालं!" त्याच्या भरावातून!

रीतसर तहसीलला कळवायचं आहे. अर्ज लिहून ठेवला, चांगुणाच्या अक्षरात. त्यावर दोन सह्या लागतील, तुझी आणि माझी, कारण माती तुझ्या माळवदाची. मग सरकार ठेवील तिथं राहील. लातूरला की नांदेडला, त्यांनी भांडावं. आपण पुष्कळ भांडलो.

केवळाबाई म्हणतील, स्लॅब टाकला म्हणून तर माती खाली आली, नाहीतर नाणं अजून छतातच असतं. म्हणू दे त्यांना. मी म्हणणार नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही नांदेडला दवाखान्यात जातो आहोत. डोळ्यांचं काम आहे. चांगुणाबरोबर कुणीतरी हवं म्हणून मी जातो. तिथं आठ-दहा दिवस डोळ्यावर पट्टी असते म्हणे. ज्याच्या असेल त्याच्या. त्याआधी तू येऊन जा. गाडी सकाळची धर, अहमदपूरला चहा पी, लोह्याच्या स्टँडवर उतर. मी तिथं उभा असेन. हाक तू मार. दरवेळी मीच का मारायची?

पाचव्या खुणेवरून गावात वाद पेटला आहे. झिजली आहे ती. पंचफुला म्हणते ससा. ग्यानोबा म्हणतो बैल, आणि पैजेला तयार आहे. चांगुणा म्हणते, "मला तर व्यंकटराव भावजींचं तोंड दिसतंय, फुगलेलं."

मी अजून बघितली नाही. मुद्दामच. चार माझ्या, पाचवी तुझी. तोवर तिच्यावर अंगठा ठेवून बसलो आहे. तू येऊन समोर बसलास की उचलीन; तू बघ, आणि मला सांग.

तुझा,
साहेबा